सासूबाईंच्या नावावरचं आजारपण

आमच्या घरात एक किस्सा होता. पाहुणे जेवून उठले, बडीशेप फिरली, की कोणीतरी मला म्हणायचं, तो सांग ना, साहेब आले होते तो. मी आढेवेढे घेतल्यासारखं करायचे आणि मग उठून उभी राहायचे, कारण तो बसून सांगता येत नसे. त्यात मला नवरा व्हावं लागायचं, नवऱ्याचे साहेब व्हावं लागायचं, साहेबांची बायको व्हावं लागायचं आणि मुख्य म्हणजे सासूबाई व्हावं लागायचं. खऱ्या सासूबाई समोरच बसलेल्या असायच्या, तोंडाला पदर लावून हसत. मी नक्कल बरी करते. शाळेत असल्यापासून करते.

आता मी तो किस्सा सांगत नाही. पण तो ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही, म्हणून एकदा लिहून टाकते.

आम्ही करंजाड्याला राहतो, चौथ्या मजल्यावर. नवरा तळोज्याच्या एका रसायनांच्या कंपनीत स्टोअरला आहे, आणि मी पनवेलात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. नाव लिहायचं, नंबर द्यायचा, भांडणं मिटवायची. इतक्या वर्षांत मला एक विद्या आली आहे, निदान आली आहे असं मी समजत होते. दारातून आत येणारा माणूस खरा आजारी आहे की रजेचं सर्टिफिकेट न्यायला आलाय, हे मी तो चप्पल काढतो तेवढ्यात ओळखायचे. डॉक्टरसुद्धा कधीकधी गंमत म्हणून मला विचारायचे.

सासूबाई उरणकडच्या. त्या आणि सासरे दोघंही मिठागरावर राबलेली माणसं. त्या भागात जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांनी बंगले बांधले. ह्यांच्या नावावर काही नव्हतं, दुसऱ्याच्या आगरातलं मीठ डोक्यावरून वाहून मान तेवढी ताठ झाली होती. सासरे गेले आणि सासूबाई आमच्याकडे आल्या. मी साताऱ्याची, मला त्यांची बोली कळायला वर्ष गेलं. पण एकदा कळल्यावर आमचं जमलं. त्या मला टोमणे मारायच्या, मी त्यांना मारायचे, आणि मधल्यामध्ये नवरा पेपर वाचायचा.

मग नवऱ्याच्या कंपनीनं अर्धा पगार द्यायला सुरुवात केली. उरलेला पुढच्या महिन्यात, असं दर महिन्याला सांगायचे. आधी आम्ही वाणसामान उधारीवर आणलं, मग क्रेडिट कार्डावर. कार्ड म्हणजे काय प्रकरण आहे हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. चांगलं कळत होतं. पण मुलीची शाळेची फी भरायच्या दिवशी कळण्याचा काही उपयोग होत नाही. बिल थकत थकत इतकं थकलं की वसुलीवाल्यांचे फोन यायला लागले. नवरा उचलेना, म्हणून त्यांनी माझा नंबर शोधून काढला, आणि तिथंही जमेना तेव्हा दवाखान्याचा. मी पेशंटचं नाव लिहून घ्यायला फोन उचलायचा आणि पलीकडून माझ्याच नवऱ्याचं नाव यायचं. समोर बाकावर लोक बसलेले. मी "हो, संध्याकाळी सहाला या" असं काहीतरी बोलून ठेवून द्यायचे.

फंड काढ, असं मीच त्याला म्हटलं. तो तयार नव्हता. त्याच्या घराण्यात फंड असणारा तो पहिला माणूस, त्याला त्याचं फार होतं. दर वर्षी तो मोबाइलवर फंडाचं पासबुक उघडून बघायचा आणि बंद करायचा. म्हातारपणी खाणार काय, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, म्हातारपण यायला आधी तोवर जगावं लागतं. माझी जीभ अशीच आहे. त्या दिवशी ती जास्तच चालली, कारण दुपारी परत फोन येऊन गेला होता.

नोकरी चालू असताना फंडातले पैसे काढायचे तर कारण द्यावं लागतं. घर बांधणं, लग्न, शिक्षण, आजारपण अशी त्यांची कारणं ठरलेली असतात. कार्डाचं बिल थकलं, हे कारण त्यात नसतं. बाकीच्या कारणांना नोकरीची वर्षं लागत होती, कागद लागत होते. त्यात नवऱ्याच्या जन्मतारखेचा कसला तरी घोळ होता, म्हणून त्याचं मोबाइलवरून होईना, कंपनीच्या ऑफिसातूनच पाठवावं लागणार होतं. तिथल्या कारकुनानं त्याला समजुतीनं सांगितलं की सगळे आजारपणच टाकतात, लवकर होतं, कोणी बघायला येत नाही. आणि मग सहज विचारलं, कोण आजारी?

नवऱ्यानं मला नंतर सांगितलं की तिथं उभ्या उभ्या त्यानं आम्हा सगळ्यांचा विचार केला. स्वतः तर त्याच्यासमोर धडधाकट उभा होता. मुलीचं नाव घ्यायला जीभ रेटेना. माझं नाव घेतलं असतं आणि मला कळलं असतं, तर मी घरात घेतलं नसतं. वडील गेलेले. राहिली आई.

तो "आई" म्हणाला.

घरी येऊन त्यानं मला एवढंच सांगितलं की आजारपण टाकलंय. कोणाचं ते मी विचारलं नाही. थोड्याच दिवसांत पैसे आले, कार्डाचं तोंड बंद झालं, दवाखान्याच्या फोनवर पुन्हा फक्त पेशंट बोलायला लागले. मी देवापुढे साखर ठेवली.

आता किस्सा. रविवार होता, सकाळची अकराची वेळ. सासूबाई स्वयंपाकघरात विळी घेऊन कोळंबी सोलत बसल्या होत्या आणि खाली मावरं, म्हणजे मासळी, विकायला आलेल्या बाईनं वजनात कसं फसवलं ते मला सांगत होत्या. आवाज असा की समोरच्या इमारतीतल्यांनाही कळावं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्याचे साहेब. खारघरला राहतात. ते, त्यांची मिसेस आणि ऑफिसातले दोघं, असे चौघं आईंना बघायला आले होते आणि आमच्याच इमारतीखाली गाडी लावत होते, कितवा मजला ते सांगा म्हणाले.

मजला सांगून नवऱ्यानं फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून मला वाटलं कोणी गेलंच. त्यानं चार वाक्यांत सगळं सांगितलं. कारकुनानं ऑफिसात कोणाला तरी सांगितलं, त्यांनी साहेबांना, आणि साहेब मनानं चांगले निघाले. मी त्याला बोलायला तोंड उघडलं होतं. पण त्याआधी सासूबाई उठल्या. कोळंबीवर ताट पालथं घातलं, हात धुतले, पदरानं पुसले आणि मुलाकडे बघून विचारलं,

"मना काय झालाय?"

मना म्हणजे मला. हे वाक्य मी किस्स्यात असं काही म्हणायचे की लोक लोळायचे. कारण ते त्यांनी अगदी कामाच्या सुरात विचारलं होतं, आज भाजी कोणती करायची हे विचारावं तसं. आणि नवऱ्यानं ऑफिसात आई आजारी आहे एवढंच सांगितलं होतं, आजार कुठला ते ठरवलंच नव्हतं. तेव्हा पुढे आले मी. चक्कर येते, रक्तदाब, अशक्तपणा, मी सांगितलं, आणि जास्त बोलायचं नाही. खऱ्या आजाऱ्याला बोलायची हौस नसते. डोळे मिटू नका, अर्धे ठेवा. त्यांना पलंगावर निजवलं, पायांवर चादर घातली, कपाळाचं तेल पुसलं, उशाशी माझ्या दवाखान्यातून आणलेल्या कसल्या तरी गोळ्यांचं रिकामं पाकीट ठेवलं. बेल वाजली तेव्हा त्या इतक्या आजारी दिसत होत्या की मीच क्षणभर घाबरले.

साहेब मंडळी शहाळी, मोसंबी, सफरचंदं घेऊन आली होती. सासूबाईंनी फार सुंदर केलं. हाताला कोळंबीचा वास येतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात चादरीखाली घेतले आणि बाहेर काढलेच नाहीत. साहेबांच्या मिसेस पलंगावर त्यांच्याजवळ बसल्या. कशा आहात विचारलं. सासूबाई बारीक आवाजात म्हणाल्या, बरी हाय. मग त्या बाई स्वतःच्या आईबद्दल बोलायला लागल्या. आई नागपूरला होती, शेवटच्या आजारात त्यांना जाता आलं नव्हतं. बोलता बोलता त्यांना रडू आलं. आणि आमची अर्धमेली म्हातारी सगळं विसरून उठून बसली, चादरीतून दोन्ही हात काढले आणि त्या बाईंचं डोकं छातीशी धरून त्यांच्या शाम्पू केलेल्या केसांवरून ते कोळंबीचे हात फिरवत राहिली.

इथं किस्सा संपायचा. लोक हसून हसून डोळे पुसायचे.

जे मी सांगत नसे ते असं. जाताना साहेबांनी उशीखाली एक पाकीट सरकवलं. ऑफिसातल्या लोकांनी आपसांत वर्गणी काढली होती. त्यांनाही अर्धाच पगार मिळत होता. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि सासूबाईंनी ते पाकीट मुलासमोर धरलं, परत दे म्हणून. तो म्हणाला देतो. पण काय सांगून देणार? ते कपाटात राहिलं, मग त्यातून गॅस आला, मग मुलीच्या शाळेच्या गाडीचे पैसे गेले. सासूबाईंनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

संध्याकाळी कोळंबी खाताना त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली होती. कंपनीनं आजारपणाचे पैसे खरंच दिले का? नवरा म्हणाला, दिले आई, काम झालं. माज्या आजारपणाचं? हो, तुझ्याच. बरी हाय कंपनी, असं म्हणून त्या जेवायला लागल्या. फंड म्हणजे काय, तो कोणाच्या पगारातून कापतात, हे त्या वेळी दोन मिनिटांत सांगता आलं असतं. नवरा दमलेला होता. आणि मला हसू आवरत नव्हतं.

पुढे कंपनीची गाडी रुळावर आली. पगार पूर्ण झाला. किस्सा मात्र मुरत गेला. मी त्यात नवीन नवीन भर घालायचे. माझ्या माहेरी सांगितला, दवाखान्यात सांगितला, गणपतीत सोसायटीच्या बायकांसमोर तर मी चादर घेऊन साभिनय केला. सासूबाई समोर असल्या की शेवटी कोणीतरी त्यांना म्हणायचं, काय आजी, तुमच्या आजारपणानं घर तारलं की. त्या हसायच्या. मला वाटायचं त्यांना मजा येते. येतही असेल. ह्या प्रश्नाचं उत्तर मला आता कधीच मिळणार नाही.

मधे कधीतरी त्यांचं वागणं थोडं बदललं. आंघोळीला वेळ लावायला लागल्या. पाण्याची कळशी डाव्या हातानं उचलायला लागल्या. वरच्या फळीवरचा डबा मला काढायला सांगायच्या, जो आधी मी काढू लागले तर मला बाजूला सारायच्या. दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी त्यांच्या पाठीला तेल लावायचे, ते आमचं ठरलेलं होतं. त्या वर्षी मी तेलाची वाटी घेऊन गेले तर आतून कडी लावलेली. माजं मी लावलाय, म्हणाल्या. मला वाटलं, वयानं लाजायला लागल्या.

आणि एक दिवस, हे लिहायचं की नाही याचा मी खूप विचार केला. आम्ही दोघी गॅसवरून मोठं भांडं उतरवत होतो. त्यांनी उजव्या बाजूनं धरलं होतं. मधेच त्यांनी हात सोडला, तोंड वाकडं केलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं,

"पुरे हो नाटक. आज खारघरहून कोणी यायचं नाही."

त्या हसल्या. खरंच हसल्या, मला आठवतं. आणि भांडं दुसऱ्या हातानं धरून उचललं.

मी दिवसभर आजारी माणसांसमोर बसते. चप्पल काढताना माणूस ओळखते म्हणून मिरवते. ज्या बाईला आजारी कसं दिसायचं ते मीच शिकवलं होतं, तिनं आजारी न दिसायचं कसं ते स्वतःच शिकून घेतलं, आणि मला ते ओळखू आलं नाही. खऱ्या आजाऱ्याला बोलायची हौस नसते हे माझंच वाक्य होतं. मला आजही ओट्याच्या त्या बाजूला उभं राहवत नाही.

उरणला त्यांच्या भाच्याच्या मुलीचं लग्न निघालं. सासूबाईंनी हिरव्या काठाची साडी काढली आणि तिच्यावरचं ब्लाउज माझ्याकडे आणून दिलं, बाही जरा उसव, घट्ट होतेय म्हणाल्या. मी मशिनीजवळ बसले, कात्री घेतली. वजन वाढलं वाटतं लग्नाच्या आनंदानं, असं काहीतरी मी बोलले. एक बाही उसवून दुसरीला हात घातला तर त्या म्हणाल्या, ती नको, ती बरोबर हाय. उजवीच कर.

मी कात्री खाली ठेवली. माणूस जाड होतो तो दोन्ही हातांनी होतो, एवढं कळायला दवाखान्यात बसावं लागत नाही. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा पदर बाजूला केला. त्यांनी अडवलं नाही. हात खांद्यापासून सुजलेला होता. छातीतली गाठ तर न चाचपताच दिसत होती.

आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. कधीपासून आहे, असं विचारल्यावर सासूबाईंनी आधी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, धाकट्या नणंदेचं वर्षश्राद्ध झालं त्याच्या आधीपासून. नवऱ्यानं आत्याच्या वर्षश्राद्धापासूनचा मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण तो तिथंच खुर्चीत बसला. बाहेर आल्यावर रिक्षा स्टँडपाशी तो त्यांच्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. का नाही सांगितलंस, एवढंच परत परत म्हणत होता. रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

सासूबाई शांत होत्या. त्या म्हणाल्या,

"माज्या आजारपणाचा पैसा तर तू कवाच उचललास. आता परत कोण देनार व्हता?"

रिक्षात त्यांनी आम्हाला एक जुनी हकीकत सांगितली. हंगामाच्या आधी मिठागराचा मुकादम मजुरांना मजुरीतून आगाऊ उचल द्यायचा. एकदा घरात तंगी होती तेव्हा सासऱ्यांनी बायकोच्या बाळंतपणाला म्हणून उचल मागितली. तेव्हा बाळंतपण वगैरे काही नव्हतं. मुकादमानं दिली, ती खाण्यात गेली. पुढच्याच वर्षी सासूबाई खरंच गरोदर राहिल्या. दिवस भरले तेव्हा सासरे पुन्हा गेले, तर मुकादम म्हणाला, हिच्या बाळंतपणाचे तर तू घेऊन गेलास. सगळ्यांसमोर म्हणाला, आणि त्याला खोटं ठरवता येईना. ते पहिलं मूल वाचलं नाही. माझ्या नवऱ्याच्या आधीचं. ह्या मुलाबद्दल आम्ही दोघांनीही तोवर कधी ऐकलं नव्हतं.

ते त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. उचल कशी असते हे आम्हाला समजावून दिलं. आजारपणाचा पैसा एकदा घेतला की संपला. वर, पुन्हा मागायला गेलो तर साहेब विचारणार, मागच्या वेळी चक्कर होती ना? मग मुलाचं खोटं उघडं पडलं असतं, नोकरीवर आलं असतं. त्यांनी सगळा विचार केला होता. आम्ही बैठकीच्या खोलीत बसून त्यांच्या आजारपणाला हसत होतो तेव्हा त्या हा विचार करत होत्या. मी जितक्यांदा त्यांच्यासमोर किस्सा सांगितला तितक्यांदा त्यांना मी आठवण करून दिली की तुमचं आजारपण वापरून झालं आहे.

नवऱ्यानं दुसऱ्यांदा अर्ज केला. कारण तेच, आजारपण. ह्या वेळी जन्मतारखेचा घोळ निस्तरलेला होता, मोबाइलवरूनच झालं. कोणी कोण आजारी म्हणून विचारलं नाही. कसला कागद मागितला नाही. त्या रात्री तो जेवला नाही, आणि मीही त्याला आग्रह केला नाही.

उपचार सुरू झाले. करायचं ते सगळं झालं, पण उशीर झालाय हे पहिल्याच दिवशी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. सासूबाईंचे केस गेले, तोंडाची चव गेली. मी कामावरून रजा घेतली. आता त्यांच्याजवळ बसायला मला भरपूर वेळ होता. त्यांच्या पाठीला रोज तेल लावायचे. त्या म्हणायच्या, पुरे गो, दिवाली रोज नसते.

एका दुपारी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. नवरा त्यांना पेज भरवत होता. बिल भरून आलोय, पैशाची काळजी करू नकोस, असं तो त्यांना सांगत होता. सासूबाईंना कंपनीचं फार कौतुक वाटलं. मुकादमापेक्षा कंपनी बरी म्हणाल्या, एकाच माणसाच्या आजारपणाला दोनदा पैसे दिले. साहेबांना माझा नमस्कार सांग. आणि मागच्या वेळी आपण खोटं बोललो त्याची माफी माग, आता मी जाणार आहे, माझ्या नावानं मागितलीस तर कोणी रागावणार नाही.

नवऱ्यानं चमचा वाटीत ठेवला. आणि मग त्यानं सांगितलं, जे त्या कोळंबीच्या दिवशी सांगायचं होतं. की ते पैसे कंपनीचे नाहीत आई. माझे आहेत. माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात, कंपनी त्यात भर घालते, ते माझ्या म्हातारपणासाठी साठवतात. मागच्या वेळचेही माझेच होते. आजारपणासाठी पुन्हापुन्हा काढता येतात. कोणाच्या नावावर एकदाच मिळतात असं काही नसतं.

सासूबाईंना ते समजायला वेळ लागला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुजाच व्हता?" त्या म्हणाल्या. "मंग तवाच सांगाचा ना, पोरा."

एवढंच म्हणाल्या आणि पेजेसाठी तोंड उघडलं. त्यानं भरवली. त्यानंतर त्या ह्या विषयावर बोलल्या नाहीत, आणि पावसाळा संपायच्या आत गेल्या.

मी दोष नवऱ्याला देऊन मोकळी होऊ शकते. त्यानं नाव घेतलं, त्यानं समजावून सांगितलं नाही. पण तो गप्प राहणारा माणूस आहे, घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं. रोज सकाळी सासूबाई माझ्याशेजारी बसून भाजी निवडायच्या. जगातल्या सगळ्या विषयांवर आम्ही बोलायचो. तो किस्सा तर मी त्यांच्यासमोर इतक्या वेळा सांगितला की मुलीला तो पाठ होता. पैसे कोणाचे होते, ते मात्र मी त्यात कधी सांगितलं नाही. तेवढ्या भागाला कोणी हसलं नसतं.